बिल्टीवर नाव ‘सेल्फ’: एका गोष्टीच्या प्रकल्प नोंदी

५ मे २०२४, रविवार

सरांशी फोनवर ठरलं. दिवाळी अंकाची मुदत ३१ ऑगस्ट. तोवर एक गोष्ट पुरी करायची आणि ती कशी होते याच्या नोंदी ठेवायच्या. सर म्हणाले, “तू दरवर्षी म्हणतेस सुचत नाही. यंदा न सुचण्याचीच वही कर.” शिवाय अट घातली: दर आठवड्याला एका लेखकाला गोष्ट कशी सापडली ते बघायचं आणि ती पद्धत स्वतःवर करून पाहायची. नुसतं वाचून सोडायचं नाही.

मी मिरजेत एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिते. सकाळी दहा ते रात्री आठ, रविवारी सुट्टी. दोन गोष्टी छापून आल्यात, त्यातल्या एकीचं मानधन अजून यायचंय.

भांडवल म्हणून हातात एकच वस्तू आहे. १२ एप्रिलला गोदामात एक खोकं आलं, लाकडी फळ्यांचं, माणसाच्या छातीएवढं उंच. फळ्यांच्या फटीतून भोपळा दिसतो. तंबोरा आहे. मिरजेतून तंबोरे बाहेर जातात, रोजचंच. हा मात्र बाहेरून मिरजेत आलाय, टू-पे, म्हणजे भाडं माल नेणाऱ्यानं द्यायचं, आणि बिल्टीवर माल घेणाऱ्याच्या जागी फक्त ‘सेल्फ’. म्हणजे ज्याच्या हातात बिल्टी, त्याचा माल. पाठवणाऱ्याच्या रकान्यातही सहीसारखं काहीतरी, वाचता येत नाही. कुणी आलेलं नाही. सात दिवस माफ, पुढं माल पडून राहिल्याचे रोजचे दहा रुपये, डेमरेज.

हमाल त्याला ‘बाई’ म्हणतात. “बाईला जरा कडंला घ्या.”

८ मे

पहिला आठवडा व्यंकटेश माडगूळकर. आमच्या जिल्ह्यातले म्हणून त्यांच्यापासून सुरुवात. माडगूळ आटपाडी तालुक्यात, तेव्हाच्या औंध संस्थानात. स्वतः पोरवयात काही काळ शाळामास्तर होते, आणि १९५५ च्या ‘बनगरवाडी’त मास्तरच धनगरांच्या वाडीत येतो. पण पुन्हा वाचताना दिसलं ते वेगळंच. मास्तर तिथं काही शोधायला आलेला नाही. नोकरी लागली म्हणून आलाय. पोरं जमवणं, कारभाऱ्याची मर्जी राखणं, तालीम बांधणं असल्या कामांच्या ओघात माणसं एकेक करून दारात येऊन बसतात.

करून पाहिलं: आज दिवसभर बिल्ट्या लिहिताना प्रत्येक माणसाची एक खूण वहीत टिपली. हळदीच्या पोत्यांवाला बोलताना बोटाच्या पेरांवर हिशेब धरतो. एक बाई कोल्हापूरला शिलाई मशीन पाठवायला आल्या, मशीनवर हात ठेवूनच पैसे मोजले. एकूण सतरा खुणा. गोष्टीच्या कामाची शून्य. पण शिलाई मशीनवाल्या बाई रात्री पोळ्या लाटताना आठवल्या. ही एक जमा.

१२ मे, रविवार

गो. नी. दांडेकर. ते पायी हिंडत, नर्मदेची परिक्रमा केलेला माणूस. राजमाचीवर जात राहिले आणि ‘माचीवरला बुधा’ लिहिला. म्हणून पहाटे दंडोबाच्या डोंगरावर गेले. बरोबर धाकटा मुलगा. वाटेत त्याचे चौदा प्रश्न, त्यातले नऊ खाण्याबद्दल. गुडघे दुखतात. काही सुचलं नाही.

१९ मे

हा आठवडा सगळ्यात जास्त आवडला. बेडेकर नवरा-बायको.

विश्राम बेडेकर विलायतेहून बोटीनं परतले. बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू. १९३९ मध्ये ‘रणांगण’ आली, बोटीवरचे मोजके दिवस, चक्रधर आणि हॅर्टा. त्यांनी कादंबरी म्हणून लिहिली ती ही एकच. त्यांच्या पत्नी मालतीबाई म्हणजे विभावरी शिरूरकर. त्या कुठल्या बोटीवर नव्हत्या. मुलींच्या शाळेत शिकवत होत्या, शिकलेल्या, न झालेल्या लग्नांच्या मुली रोज समोर. त्यातून १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’. पुढं सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून नोकरी केली, काटेरी तारांच्या आतली माणसं पाहिली, आणि ‘बळी’ आली १९५० ला. म्हणजे नोकरी सोडल्यावरही ती माणसं कितीतरी वर्षं त्यांच्यात राहिली असणार.

एका घरात दोन तऱ्हा. एकाला मोजक्या दिवसांच्या प्रवासात सगळं मिळालं, दुसरीला रोजच्या हजेरीपटात. मला बोट परवडणारी नाही. हजेरीपट आहे.

सरांना हे लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर: “हजेरीपट सगळ्यांकडं असतो. त्या काय लिहीत होत्या ते बघ, कुठं बसल्या होत्या ते नको.” सरांचं हे मला पटलेलं नाही. कुठं बसलंय त्यावर काय दिसतंय ते ठरतं. गोदामात मी टेबलाशी बसते म्हणून मला माणसांचे हात दिसतात, चेहरे नंतर.

२६ मे, रविवार

लेखक बाजूला ठेवला. फोनमध्ये खोक्याचे फोटो घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. इतकी वर्षं मिरजेत राहते, पण त्या गल्लीत कामाशिवाय कधी थांबले नव्हते. शिकलगार मंडळी, पूर्वी हत्यारांना धार लावणारी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाद्यांत आली. यंदा सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचं कात्रण एका दुकानात फ्रेम करून लावलंय. आढ्याला भोपळे टांगलेले, पंढरपूरकडून येतात. खाली तूनच्या लाकडाचा भुसा, आणि लाखेचा वास.

एका चाचांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता काहीतरी जुनी हकीकत निघणार.

“डेमरेज किती झालं?” 

म्हटलं, तीनशे ऐंशी.

“मग कोण न्यायला येतंय ताई.” पुन्हा फोटो पाहिला. “हा भोपळा नवा आहे. दांडी जुनी. रंगानं मारून नेलंय, पण इथं बघा, गळ्याला. जोड.”

“म्हणजे भोपळा फुटला होता?”

“फुटला असंल, किडला असंल. दुसरा बसवला. बसवणाऱ्यानं बरा बसवलाय. पण इथला नाही.”

“इथला नाही हे कशावरून?”

चाचा हसले. “इथं बसवला असता तर मला विचारलं नसतं का त्यानं? गेला नसता तो कुठं.” मग नातवाला चहा सांगितला आणि स्वतः जवारीच्या, म्हणजे तारेचा आवाज खुलवायच्या, कामाला लागले. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा केसभर सरकवायचा. तार जिच्यावर टेकते त्या घोडीवर एका जागी दोरा आला की तार एकदम मोठ्यानं बोलू लागते. त्याच्या अलीकडं पलीकडं नुसता ठण आवाज. चहा पिऊन होईस्तोवर एकच तार झाली.

वही: दोन हातांचं वाद्य. दांडी एकाची, भोपळा दुसऱ्याचा. गोष्ट आहे, असं पहिल्यांदा वाटलं.

२ जून

जयंत नारळीकर. ही हकीकत सरांनाही ठाऊक होती, पण पुन्हा सांगताना तेवढीच मजा. अहमदाबादला एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू होतं. नारळीकरांनी समोरच्या कागदावर विज्ञानकथा लिहायला घेतली. ‘कृष्णविवर’. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली: ज. वि. ना. चं ना. वि. ज. अक्षर ओळखू येईल म्हणून कागदही पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं.

विभावरी शिरूरकरही टोपणनाव. पण तिथं नाव लपवलं नसतं तर नोकरी आणि घर दोन्ही अवघड झालं असतं, आणि लपवूनही ही बाई कोण म्हणून गदारोळ झालाच. नारळीकरांचं भय उलटं: नाव मोठं, त्यामुळं बक्षीस नावाला मिळेल. एकाच युक्तीची दोन टोकं.

करून पाहिलं: माझं नाव उलटं करण्याइतकं मोठं नाही. पण कंटाळवाण्या भाषणाचा भाग जमला. बुधवारी कचेरीत जीएसटीच्या नव्या पोर्टलबद्दल दीड तास मीटिंग झाली. मागं बसून तीन पानं लिहिली. तंबोरा बसवणाऱ्या कारागिरापासून सुरुवात, तो मिरजेतून रुसून निघून गेलेला. तीन पानं बरी आहेत. पहिलं पान फाडायला हवं.

९ जून, रविवार

भालचंद्र नेमाड्यांची आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. पंचविसाव्या वर्षी ‘कोसला’, पंधरा-सोळा दिवसांत, गावी सांगवीला बसून. १९६३. नव्यानं लिहिणारा प्रत्येक जण हे ऐकतो आणि सोळा दिवसांची रजा मिळाली असती तर, असं मनात म्हणतो. मीही म्हणत आलेय. मालकांकडं रजा मागितली. मान्सून तोंडावर, ताडपत्र्यांची मोजदाद बाकी. चार दिवस मिळाले.

१३ जून

चार दिवसांत सव्वीस पानं. एवढं कधीच लिहिलं नव्हतं. सासूबाईंनी पोळ्यांचं खातं हाती घेतलं, मुलांना दटावून ठेवलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सव्वीस पानं सलग वाचली. पाचव्या पानापुढं कारागीर जे काही करतो ते मी कधी पाहिलेलंच नाही. तो सांगलीच्या पुढं कुठल्यातरी गावात एकटा राहतो, पाऊस पडतो, तो खिडकीतून बघतो. बराच वेळ खिडकीतून बघतो.

सोळा दिवसांच्या आख्यायिकेतला घोळ इथं कळला. लिहिण्याचे दिवस सोळा. त्याआधी खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला जाणं, फर्ग्युसन, होस्टेल, मुंबई, आणि हात हलवत गावी परतणं, हे सगळं होऊन गेलेलं. ते कुणी मोजत नाही. त्याच नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० मध्ये आली, तिच्यामागं तीस-एक वर्षं धरतात. जमवाजमव आधी झाली तर लेखन सोळा दिवसांचं दिसतं, लिहिता लिहिता झाली तर तीस वर्षांचं.

सव्वीसपैकी चार पानं ठेवली.

२३ जून, रविवार

‘मृत्युंजय’. शिवाजी सावंत कोल्हापूरला शिक्षक. शाळकरी वयात कर्णावरच्या नाटकात कृष्णाचं काम केलं होतं, कर्ण तिथून डोक्यात बसला असं ते सांगत. पण मला हवी होती रचना. सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. गोष्ट सगळ्यांना माहीत असली की कोण सांगतंय एवढाच प्रश्न उरतो, आणि सावंतांनी तोच पकडला.

करून पाहिलं: तंबोऱ्याची गोष्ट सहा तोंडांनी, प्रत्येकी एक पान. गाणारी मुलगी, तिची आई, जुना कारागीर, जोड लावणारा कारागीर, ट्रकचा ड्रायव्हर, बिल्टी लिहिणारी बाई.

सहापैकी पाच जण एकाच आवाजात बोलतात. माझ्याच. ड्रायव्हर तर चक्क ‘अंतर्मुख’ हा शब्द वापरतो. बिल्टीवाली तेवढी जिवंत आहे कारण ती कामाचं बोलते: वजन, नग, पेड की टू-पे, पोचपावती कुठाय. तिला तंबोऱ्याशी काही देणंघेणं नाही. डेमरेजचा आकडा चढतोय एवढंच ती बघते.

म्हणजे सांगणारी ठरली. दीड महिना मी तिच्या खुर्चीवर बसून दुसरीकडं शोधत होते. सरांना फोन केला, ते म्हणाले, “मी काही बोललो नव्हतो.” 

३० जून, रविवार

जी. ए. कुलकर्णींची पत्रं चाळली. धारवाडला राहून माणसांशी पत्रांतूनच इतकं बोलत, ते वाचतच राहावंसं वाटतं. पण त्यातून कामाची पद्धत उचलावी असं काही माझ्या हाती लागलं नाही. पुढं.

आजचं मुख्य काम वेगळं. दोन महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या. मी समजत होते की लेखकाची पद्धत म्हणजे त्याच्या स्वभावाची गोष्ट. नोंदींत दिसतंय ते जास्त करून वेळापत्रक आहे. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत आणि लिहीत दापोलीकडचं कोकण. अरुण साधू पत्रकार, मंत्रालय आणि कामगार चळवळ रोजच्या बातमीत, तीच ‘सिंहासन’मध्ये. नारळीकरांना कंटाळवाण्या भाषणातला तास. नेमाड्यांना बेकारीतलं गाव. नोकरीनं काय दाखवलं आणि किती वेळ शिल्लक ठेवला, यातून पद्धत पडत गेली. नंतर मुलाखतीत लोक तिला शिस्त किंवा प्रेरणा म्हणतात.

सर याला ‘कारकुनी सिद्धांत’ म्हणाले. म्हणू देत.

माझ्याकडं शिल्लक काय? रात्री साडेनऊ ते साडेदहा, आणि रविवार. यात बसणारा लेखक एकच सापडला: ह. ना. आपटे. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात हप्त्याहप्त्यानं दिली. यमू स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगते, आणि दर आठवड्याला छापखाना मजकुराची वाट बघतो. अंक अडकला की सुचण्याची चैन राहत नाही.

ठरलं: दर रविवारी संध्याकाळी सहापर्यंत दोन पानांचा फोटो सरांना. सात हप्ते. मागचं खोडायचं नाही, आपट्यांनाही छापलेला अंक परत घेता येत नव्हता.

७ जुलै

हप्ता पहिला, ५:५२ ला पाठवला. सरांचं उत्तर एक शब्द: “पुढं?”

१४ जुलै

हप्ता दुसरा. बिल्टीवाली खोकं उघडायला नकार देते. का, ते मला अजून माहीत नाही. “पुढं?”

२१ जुलै

आठवडाभर पाऊस. गोदामात एका कोपऱ्यात पाणी आलं, खोकं हमालांनी दोन पाटांवर चढवलं. “बाई भिजंल.” दमट हवेत फटीतून एक तार सैल लोंबताना दिसते.

मध्ये अण्णाभाऊ साठे वाचले. तेही जिल्ह्यातलेच, वाटेगावचे. शाळेत दीडच दिवस गेले असं सांगतात. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून वारणाकाठ लिहिला. ‘फकिरा’ १९५९ ची, बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण. फकिरा त्यांच्या नात्यातला, घरात लहानपणापासून ऐकलेला माणूस. तिथं सुचण्याचा प्रश्नच येत नाही. देणं असतं आणि ते कधी फेडायचं एवढंच. हे वाचून माझा तंबोरा एकदम हलका वाटला. मला त्याचं काही देणं नाही, तो फक्त माझ्या टेबलासमोर आहे.

तरी हप्ता पाठवला, ६:४० ला. सरांनी “उशीर” असं लिहिलं. “पुढं?” नाही. चुकल्यासारखं झालं, खरंच.

२८ जुलै

हप्ता चौथा. बिल्टीवालीची आई गात असे, हे आलं. मी ठरवलं नव्हतं. माझी आई गात नव्हती, पण शेजारच्या काकू गायच्या आणि त्यांच्याकडं पाहुणे आले की पेटी पलंगाखाली सरकवायच्या. पलंगाखालची ती पेटी मी तीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. रात्री साडेदहा वाजता मुदत समोर असताना ती आपणहून आली. खोकं न उघडण्याचं कारणही तिथंच होतं.

सरांना फोन करून विचारलं, ही पेटी आधी का नाही आली? दंडोबावर का नाही आली?

“दंडोबावर तुला कुणी पुढं काय म्हणून विचारत नव्हतं,” सर म्हणाले. मग थांबून, “आणि पोरगा खायला मागत होता.”

११ ऑगस्ट

पाचवा आणि सहावा हप्ता एकत्र. जोड लावणाऱ्या कारागिराचं एकच वाक्य उरलंय. सव्वीस पानांतली जी चार ठेवली होती त्यातली तीन आज काढली.

१८ ऑगस्ट

सातवा हप्ता. शेवट चुकला आहे. खोकं उघडतं आणि तंबोरा वाजतो, असा. सर: “हा सिनेमा झाला.” बरोबर आहे. ‘खोडायचं नाही’ हा नियम आज मोडला. शेवट काढून टाकला, गोष्ट आता गोदामाचं शटर ओढताना थांबते. ते पुरतंय का, ते कळत नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

सकाळी अकराला एक मुलगी आली, एकोणीस-वीसची, पाठीला सॅक. बिल्टी चौकोनी घडी करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवलेली. मी बिल्टी उघडली, नंबर पाहिला आणि हात थांबला. हमाल लांबूनच म्हणाला, “बाईचं का?”

१९ एप्रिलपासून आजपर्यंत १२८ दिवस, १२८० रुपये डेमरेज. भाडं वेगळं. तिच्याकडं एवढे नव्हते. मालकांनी डेमरेज हजारावर आणलं, उरलेलं तिनं कुणालातरी फोन करून जीपेनं मागवलं. वाट बघताना ती माझ्यासमोर वीस मिनिटं बसली. इतके महिने जे विचारायचं होतं ते सगळं विचारता आलं असतं. पाणी हवं का, एवढं विचारलं. नको म्हणाली.

छोटा हत्ती मागवला, खोकं आडवं ठेवू देईना. उभंच न्यायचं म्हणाली, स्वतः मागं हौद्यात उभी राहिली, एक हात फळीवर.

नेणाऱ्याचं नाव आणि सही रजिस्टरमध्ये घ्यावी लागते. घेतली. गोष्टीत अजून ‘सेल्फ’च आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

सरांना सांगितलं. म्हणाले, “तिला घाल ना शेवटी, हौद्यात उभी.” मोह झाला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. आता तरी नाहीत. शनिवारपर्यंत वेळ आहे.

राहिलेलं: चौथ्या पानावर डेमरेज दिवसाला पाच रुपये लिहिलंय आणि अकराव्यावर दहा, ते जुळवायचं. ‘अंतर्मुख’ अजून एका ठिकाणी शिल्लक आहे. चाचांकडून ‘जवारी’चा दोरा सुती की रेशमी ते विचारून घ्यायचं. पाकिटाला तिकीट नको, आता मेलच करतात.